खात्यापित्या घरची

"तुम्ही तर खात्यापित्या घरच्या दिसता." हे वाक्य मला आजवर तिघांनी तोंडावर ऐकवलं आहे. पहिले रेशनच्या कामात भेटलेले एक गृहस्थ, दुसऱ्या, माझ्या मुलीच्या शाळेत फीमाफीचा अर्ज घेणाऱ्या बाई आणि तिसरे एक डॉक्टर. तिघांना माझं वजन दिसलं. मी काय खाते, कधी खाते, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

२०२५ च्या संक्रांतीपासून २०२६ च्या संक्रांतीपर्यंत मी वजनाचे आणि साखरेचे उपचार घेतले, अजूनही घेते आहे. काय काय झालं ते लिहून ठेवते. वजनाबद्दल जे लिहिलेलं वाचायला मिळतं ते जिमला जाणाऱ्यांनी जिमला जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.

आमचं घर इंदुरात रामबागेच्या मागच्या अंगाला. भाड्याच्या दोन खोल्या. मी, हे, सासूबाई आणि नववीतली मुलगी. हे लोडिंग रिक्षा चालवतात. मी डबे देते. सोळा डबे, दोन्ही वेळचे. बारा डबे भंवरकुआंकडे कोचिंगला आलेल्या मुलांचे आणि चार रामबाग-नारायणबागेतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे, ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत. एका डब्यात चार पोळ्या; दोन्ही वेळच्या मिळून एकशे अठ्ठावीस, वर घरच्या बारा. रोज एकशे चाळीस पोळ्या. पहाटे साडेचारला कणीक भिजते. डब्याचे महिन्याला सव्वीसशे रुपये घेते. किराणा, भाजी, सिलिंडर आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचे पैसे गेले की हातात बारा-तेरा हजार राहतात. हा आकडा मुद्दाम सांगते आहे, पुढे लागणार आहे.

२०२५ च्या जानेवारीत गुडघे इतके दुखायला लागले की ओट्यापाशी उभं राहवेना. जिना चढताना धाप लागायची. जवळच्याच एका खाजगी दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत दहा माणसं बसलेली असताना कंपाउंडरनं काट्यावर उभं केलं आणि आतल्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारला, "अट्ठासी!" उंची एकशे बावन्न सेंटिमीटर. खुर्चीला दोन्हीकडे हात होते, त्यात मी कशीबशी बसले. मग रक्तदाब. पट्टा दंडाभोवती पुरेना. त्यानं ओढून ओढून तो कसाबसा चिकटवला, हवा भरली, आणि अर्ध्यात चर्र आवाज करून पट्टा सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी त्यानं हातानं दाबून धरला आणि १६८ वर १०४ असं लिहून टाकलं. त्या तीन वेळांत माझी छाती इतकी धडधडत होती की आकडा याहून जास्त आला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

रक्त तपासलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीएवनसी म्हणतात तो, ८.९ निघाला. माझ्या आईला साखर आहे, त्यामुळे धक्का बसला नाही. आपलीही वेळ आली, एवढंच वाटलं. डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "आंटी, खाना कम करो, वॉक करो." मग वर पाहून ते खात्यापित्या घरचं वाक्य, हसत, अगदी चांगल्या मनानं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, साखरेच्या दोन, आणि शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंचा कागद, त्याचे सहाशे रुपये वेगळे.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. सकाळी सहाला पंचेचाळीस मिनिटं भराभर चालणे. सातला भिजवलेले बदाम आणि ग्रीन टी. साडेआठला ओट्स किंवा ब्राऊन ब्रेडचं सँडविच. अकराला सफरचंद. जेवणात ब्रोकोली, पनीर, ऑलिव्ह तेल. संध्याकाळी मखाणे. सकाळी सहाला मी ओट्यापाशी असते, दोन्ही शेगड्यांवर तवे असतात. सातला भाजीला फोडणी पडते. साडेआठला पहिले डबे निघतात. मी घरी येऊन त्या महिन्याचा बाजार लिहिला, आमच्या चौघांचा. त्यात बदाम आणि ऑलिव्ह तेल बसवून पाहिलं. बसलं नाही. रेशनवर आम्हाला माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. ते आहे म्हणून घर चालतं, हे मी कधीही नाकारणार नाही. पण ते धान्य म्हणजे गहू आणि तांदूळ. डाळ, भाजी, दूध, फळ सगळं विकतचं. ज्याच्या घरात पैसा कमी त्याच्या ताटात पोळी-भात जास्त असतो, वरण पातळ असतं आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. पोट भरतं, वजनही वाढतं, आणि अंगाला जे हवं ते मिळत नाही. "खाणं कमी करा" म्हणणाऱ्यांना हे कसं सांगायचं, तेव्हा मला कळत नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात तव्यासमोर डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हातपाय थरथरायचे, घाम फुटायचा, आणि चमचाभर साखर तोंडात टाकली की बरं वाटायचं. म्हणून मी साखर खायला लागले. साखरेचा आजार, त्यावर गोळी, आणि गोळीवर साखर. मार्चमध्ये वजन केलं तर नव्वद. दोन किलो वाढलं होतं. मला वाटलं माझ्याच जिभेवर ताबा नाही. रात्री सगळे झोपल्यावर मी रडले. सासूबाई जाग्या होत्या, पण त्या वेळी काही बोलल्या नाहीत.

याच मार्चमध्ये आशा दीदी सर्व्हेला आल्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगासाठी तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे, त्याचा फॉर्म त्या भरून घेतात. वय, तंबाखू, दारू, घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, आणि कंबर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यावर दोन. आशा दीदींनी दार लोटून घेतलं, टेप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच धरा, मी नुसता आकडा बघते." त्या एका वागण्यानं मला इतकं बरं वाटलं. कंबर १०६ भरली. मग फॉर्मवरचा प्रश्न आला, आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक श्रम किंवा व्यायाम करता का?

मी विचारलं, "पहाटे साडेचारपासून उभी असते, ते धरायचं का?"

त्या फॉर्मकडे बघत राहिल्या. त्यांचाही दिवस उन्हातान्हात दारोदारी जातो, त्यांच्याही पायांना सूज होती. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, याच्यात तशी जागाच नाही." चारच्या वर गुण गेले की पुढे पाठवायचं असतं. माझे गुण चारच्या बरेच वर गेले. त्यांनी चिठ्ठी दिली, वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात जा, तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतील.

आता रांगांबद्दल थोडक्यात. पर्चीची रांग, डॉक्टरांची रांग, रक्ताची रांग, रिपोर्टची रांग, औषधाची रांग. मोठ्या सरकारी रुग्णालयात एका वेळी सकाळ जाते, आणि माझी सकाळ म्हणजे सोळा डबे. त्या दिवशी धाकट्या जावेला बोलवावं लागे, तिची रोजी बुडे. सहा फेऱ्या झाल्या. फुकट उपचाराला किती पैसे लागतात ते रोजावर काम करणाऱ्यालाच माहीत. आमच्याकडे आयुष्मानचं कार्ड आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. मी ते घेऊन गेले होते. खिडकीवरच्या मुलानं समजावून सांगितलं की हे भरती झाल्यावर चालतं, बाहेरून दाखवून घ्यायच्या गोळ्यांना नाही. म्हणजे साखरेनं पाय कापायची वेळ आली तर कार्ड आहे, आणि पाय कापावा लागू नये म्हणून वर्षानुवर्षं जे घ्यायचं त्याला नाही. त्या मुलाचा काही दोष नव्हता. पण ते ऐकून मी बाहेर पायरीवर बराच वेळ बसले होते.

तिथेच मला तीन माणसं भेटली, ज्यांच्यामुळे हे वर्ष वेगळं गेलं. पहिली एक वयस्कर सिस्टर. तिनं माझा दंड पाहिला, पट्टा उचलला आणि परत खाली ठेवला. टेपनं दंडाचा घेर मोजला. ३८ सेंटिमीटर. म्हणाली, "ये छोटा पड़ेगा." कपाटातून मोठा पट्टा आणला. मला पाच मिनिटं पाठ टेकून बसवलं, पाय जमिनीला, हात टेबलावर. मग माझ्या समोरच एकदा नेहमीच्या पट्ट्यानं मोजलं, १५२. पाच मिनिटांनी मोठ्यानं मोजलं, १३२. त्याच हातावर, त्याच खुर्चीत. नेहमीचा पट्टा साधारण ३४ सेंटिमीटरच्या दंडापर्यंत चालतो, त्यापुढे तो रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. नंतर मुलीनं मोबाइलवर शोधून दिलं, २०२३ मध्ये अमेरिकेत यावर नीट अभ्यास झाला. खूप मोठा पट्टा लागणाऱ्या लोकांना साधा लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ नं जास्त येतो. म्हणजे जाड माणसाला नसलेला रक्तदाब चिकटतो, आणि त्याच्या गोळ्याही. माझ्या अंधारीचं अर्धं कारण हे होतं. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली.

उरलेलं अर्धं कारण त्या विभागातल्या तरुण डॉक्टर मुलीनं शोधलं. ती मूळची नागपूरची. माझी पर्ची वाचून मराठीत बोलायला लागली, तिथेच माझं निम्मं दुखणं कमी झालं. तिनं साखरेच्या गोळ्यांचं पाकीट पाहिलं. त्यातली एक ग्लिमेपिराइड. म्हणाली, "काकू, ही स्वस्त आहे, साखर जोरात उतरवते, म्हणून सगळे देतात. पण हिनं वजन वाढतं, आणि तुम्ही वेळेवर खात नसाल तर साखर एकदम खाली जाते." मी चकितच झाले. वजन कमी करा म्हणून सांगणाऱ्यानंच वजन वाढवणारी गोळी लिहिली होती, आणि मी दोन महिने स्वतःला दोष देत होते. तिनं मेटफॉर्मिन ठेवली, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ग्लिमेपिराइड काढून एम्पाग्लिफ्लोझिन लिहिली. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते, वजन थोडं उतरवते. तिचं भारतातलं पेटंट नेमकं त्याच मार्चमध्ये, मार्च २०२५ मध्ये, संपलं होतं. आधी एका गोळीला साठ रुपयांच्या घरात पडायचे. पेटंट संपल्याबरोबर कितीतरी कंपन्यांनी काढली आणि दहा-बारा रुपयांत मिळायला लागली. माझ्या नशिबाचा भाग एवढाच की मी फेब्रुवारीत नाही, एप्रिलमध्ये तिच्यापुढे जाऊन बसले.

(कुणाला कुठली गोळी चालेल हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हे वाचून कुणी आपली गोळी बदलू नका.)

त्या मुलीनं आणखी एक विचारलं, जे मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. "जन्मल्या तेव्हा तुमचं वजन किती होतं?" मी आईला फोन लावला. आई म्हणाली, "चिमणीएवढी होतीस गं. दोन किलोसुद्धा नव्हतीस." १९७९ साल. वडील गिरणीत बदली कामगार, आई गरोदरपणातही दोन घरच्या पोळ्या करायची. डॉक्टर मुलीनं मला पुण्याचं संशोधन सांगितलं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः विलायतेतल्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी असतात. पण हाडं-स्नायू कमी भरतात आणि चरबी त्या मानानं टिकून राहते. बारीक दिसतात, आतून चरबीदार असतात. पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवायला बघतं. म्हणूनच आपल्या लोकांसाठी लठ्ठपणाची रेघ खाली आहे. तिकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० झाला की लठ्ठ म्हणतात, आपल्याकडे २५ लाच. माझा ३८.

माझं जाडपण आईच्या उपासमारीपर्यंत मागे जातं, हे मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी घरी येताना खात्यापित्या घरची म्हणणारे तिघेही मला आठवत होते.

तिसरं माणूस म्हणजे तिथल्या समुपदेशक बाई. त्यांच्याकडे छापील कागद होता, पण त्यांनी तो पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा. घोट घोट सांगा." मी सांगायला लागले आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. साडेचारला चहा, दोन चमचे साखर. सहाला चहा. आठला चहा. अकरापर्यंत अन्नाचा कण नाही. अकराला कोपऱ्यावरच्या गाड्यावरचे पोहे, वर मूठभर सेव आणि जिरावन मसाला, कारण ते हातात मिळतात आणि स्वस्त असतात. मग बाजार, निवडणं, चिरणं. साडेतीनला जेवण. आणि जेवण म्हणजे काय, तर उरलेलं. डब्यांत मोजून भरलं की खाली भांड्यात रस्सा उरतो, भाजीच्या फोडी गेलेल्या असतात. वरण संपलेलं. पोळ्या मात्र जास्तीच्या करून ठेवलेल्या असतात, कुणी वाढीव मागितली तर हाताशी असाव्यात म्हणून. पाच-सहा उरतात. टाकवत नाहीत. अन्न आहे. मी रश्श्यात बुडवून पाच-सहा पोळ्या खाते आणि तासभर आडवी होते. रात्री साडेदहाला परत तेच.

बाईंनी मान हलवत सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "सोळा डबे भरता. सतरावा कुणाचा?"

मला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "तुमचा डबा कुठाय? डबे भरायला घेण्याआधी पहिला डबा स्वतःचा भरा. वाटीभर घट्ट वरण, मोठी वाटी भाजी, दोन पोळ्या, काकडी नाहीतर मुळा. साडेआठला डबे निघाले की बसून तो खा. चहा दोनदा, साखर अर्धी. सोया वडी, चणे, मटकी आठवड्यातून चार दिवस. बाकी तुमच्या स्वयंपाकघरात जे शिजतं तेच." सोया वडी मध्य प्रदेशात कुठेही मिळते, स्वस्त मिळते. ऑलिव्ह तेलाचं नावही निघालं नाही.

वाचायला सोपं वाटतं. करायला मला तीन आठवडे लागले. सगळ्यांच्या आधी स्वतःचं काढून ठेवायचं, हे हातच करू देत नव्हते. लहानपणापासून पाहिलेलं काय, तर आईचं ताट सर्वांत शेवटी, पातेल्यातच कालवलेलं. पहिल्या दिवशी मी डबा भरला, झाकण लावलं आणि चोरी केल्यासारखी तो फडक्याखाली ठेवला. नऊ वाजता डबे पोचवणाऱ्या मुलानं फोन केला की एका विद्यार्थ्याचा मित्र आलाय, अजून एक डबा देता का. मी माझाच दिला. असं चार-पाचदा झालं. मग एके दिवशी सकाळी कणीक मळून वळले तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या. त्यांचे हात थरथरतात, स्वयंपाक आता जमत नाही. त्यांनी पितळी डबा घेतला होता, त्यांच्या माहेरचा, फळीवर पडून असायचा तो. घासून आणला होता. त्यात त्यांनी स्वतः वरण ओतलं, अर्धं ओट्यावर सांडलं, आणि म्हणाल्या, "हा कुणाला द्यायचा नाही. मी बघत बसणार आहे." आणि खरंच स्टूल घेऊन बसल्या. मार्चमधल्या त्या रात्री त्या जाग्या होत्या, हे मला तेव्हा समजलं.

माझ्या नऊ वाजताच्या थरथरीनं त्यानंतर परत तोंड दाखवलं नाही.

चालण्याचं म्हणाल तर समुपदेशक बाईंनी साफ सांगितलं, की उभं राहून काम केल्यानं पाय थकतात, पण हृदयाला जो व्यायाम लागतो तो त्यातून मिळत नाही. वेगळा वेळ नसेल तर कामातलंच काही पायी करा. म्हणून रामबाग-नारायणबागेतले चार डबे मी स्वतः पोचवायला लागले. सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी पंचवीस. गुडघ्यांमुळे पहिला महिना वाईट गेला. आणि इंदुरात पायी चालणं साधी गोष्ट नाही. देशात स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलेलं आमचं शहर, मला त्याचा अभिमान आहे. पण फुटपाथवर गाड्या लावलेल्या, मध्येच तो संपतो, आणि जाड बाई भराभर चालताना दिसली की पोरं काय बोलतात ते इथे लिहिणार नाही. मे महिन्यात संध्याकाळची फेरी बंद ठेवावी लागली. नेहरू पार्कात सकाळी चालणाऱ्या बायका मी बघते, फार चांगलं वाटतं, पण ती वेळ माझी कधीच होणार नाही. आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. चार डबे मी घेतले तशी पोचवणाऱ्या मुलाची तेवढी कमाई कमी झाली असती. म्हणून त्याला मी महिन्याचे तेच पैसे देते आहे, तेवढे मला परवडवावे लागतात.

आता नणंदेबद्दल. यांची चुलत बहीण विजयनगरला राहते. नवरा मोठ्या कंपनीत. तिचा बीएमआय ३६, रात्री घोरणं इतकं की झोपेत श्वास अडकायचा. माझा आणि तिचा इलाज साधारण बरोबरच सुरू झाला. तिला झोपेची तपासणी, मानसोपचार, आहारतज्ज्ञ, सगळं एका इमारतीत, वेळ ठरवून. ऑपरेशनचाही पर्याय दिला होता. विम्याचा नियम तिनं मला दाखवला. बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, आणि बाकी उपाय थकले असतील, तर विमा लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा खर्च देतो. मी तो कागद दोनदा वाचला. बीएमआय ३८ आणि साखर ८.९, बाकी उपाय थकले असते तर त्या कागदावर मीही बसले असते. विमा तेवढा माझ्याकडे नव्हता.

तिनं शेवटी ऑपरेशन न करता इंजेक्शन घेतलं. मौंजारो, म्हणजे टिर्झेपॅटाइड, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं. आठवड्याला एक. आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची कुपी ३,५०० रुपयांची होती, पुढच्या डोसची ४,३७५. महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार. वर सांगितलेला माझा बारा-तेरा हजारांचा आकडा आठवा. तिचं वजन दिवाळीपर्यंत चौदा किलो उतरलं, घोरणं थांबलं. माझ्या मनात तिच्याबद्दल असूया नाही, हे मी देवाला स्मरून लिहिते. लग्नकार्यात तिला कोपऱ्यात बसून रडताना मी पाहिलं आहे. पैसा होता म्हणून तिचा अपमान कमी झाला नव्हता. ती एकदा म्हणाली, "वहिनी, या इंजेक्शननं पहिल्यांदा मला कळलं की भूक न लागणं म्हणजे काय. इतकी वर्षं लोक मला हावरट म्हणत होते." तिचं हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तिची भूक म्हणजे आजार होता, स्वभाव नव्हता. मग माझी वेगळी कशी असेल?

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टिर्झेपॅटाइड आणि त्याच्या जातीची औषधं, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजारही असलेल्यांसाठी, अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. एम्पाग्लिफ्लोझिनचं काय झालं ते मी स्वतःच्या पिशवीत पाहिलं आहे, त्यामुळे २०२६ च्या संक्रांतीला हे लिहिताना मी त्या महिन्याकडे डोळे लावून बसले होते. पण किंमत उतरली तरी ते लिहून देणारा, उलट्या-मळमळ झाली तर विचारणारा, पट्टा नीट लावणारा माणूस वस्तीत हवा. नाहीतर ते मेडिकलच्या दुकानातून हातोहात विकलं जाईल आणि त्रास झाला की बायका गपचूप सोडून देतील.

मुलीचं मी अजून काही ठरवू शकलेले नाही. ती चौदाची आहे, पाळी अनियमित झाली आहे, मानेवर काळेपणा दिसायला लागला आहे. डॉक्टर मुलीनं सांगितलं की हे इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं, तिला घेऊन या. तिच्या शाळेत मैदान आहे, ते मुलांनी अडवलेलं असतं. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट सगळे खातात, फळ त्या पैशात येत नाही. संध्याकाळी तिला एकटीला बाहेर सोडायला आम्हीच घाबरतो. सध्या संध्याकाळच्या डब्यांना ती माझ्याबरोबर येते. येताना आम्ही दोघी नदीकाठानं लांबून येतो.

डिसेंबरमध्ये माझं वजन भरलं साडेब्याऐंशी. नव्वदवरून साडेसात किलो. साखर ७.१. कंबर ९९. गुडघे दुखतात, पण जिना चढते. नागपूरची डॉक्टर मुलगी रिपोर्ट पाहून उठून उभी राहिली होती.

राहिलं ते पट्ट्याचं. महिन्याचा रक्तदाब आता मी वस्तीतल्या दवाखान्यात बघून घेते. तिथे पट्टा एकच, नेहमीचा. सिस्टर म्हणाल्या, मोठ्याची मागणी लिहून पाठवली आहे. मी वाट पाहिली. आमच्या गल्लीत जाड दंडाच्या बायका मी मोजल्या, अकरा निघाल्या. त्यातल्या सात जणी रक्तदाबाच्या गोळ्या खातात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सगळ्यांना पट्ट्याची गोष्ट सांगितली, आणि या वर्षी वाण लुटण्याऐवजी ते पैसे गोळा करू म्हटलं. एक-दोघी कुरकुरल्या, वाण ते वाण. सासूबाईंनी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून ताटात ठेवली, मग कुणी बोललं नाही.

जेल रोडच्या पुढच्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून मोठा पट्टा आणला. निळा. मुलीनं मार्करनं त्यावर लिहिलं, "३५ ते ४४". समोरच्या वहिनी माझ्याबरोबर आल्या. त्या तीन वर्षांपासून दोन गोळ्या घेतात आणि देवासमोर वाकलं की त्यांना चक्कर येते. सिस्टरनी त्यांना बसवलं, पाठ टेकायला सांगितलं, पट्टा दंडाभोवती गुंडाळला. तो पुरून वर चार बोटं उरला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी फुगा दाबायला सुरुवात केली.